सात सुयांची बैठक

सुई हरवली हे मला दुपारी जेवायच्या आधी कळलं, आणि गादी तर सकाळीच गेली होती. गादी लहान होती, पाळण्यातली. हे ध्यानात आलं तसा मी दुकानाच्या फरशीवर खाली बसलो.

माझा धंदा गाद्या भरायचा. दारव्ह्यात बाजाराच्या रस्त्याला दुकान आहे, मागं घर. बाप कमानीनं रुई पिंजायचा, मी मशीनवर पिंजतो, पण टाके अजून हातानंच घालतो. शाळा चौथीपर्यंत झाली. चार गोष्टी नीट लिहिता येतात, तेवढं पुरे.

फरशीवर बसल्या बसल्या मी लाल कापडाची पट्टी पुन्हा पाहिली. तिच्यात सुया टोचलेल्या असतात. सात पाहिजेत, सहा होत्या. मी झाडू मारला. रुईचा कचरा चाळला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आहे माझ्याकडं, ते साऱ्या फरशीवर फिरवलं. दोन खिळे निघाले, एक टाचणी निघाली. अंगातलं कुडतं काढून झटकलं. सुई नव्हती. बोटभर लांब, बारीक, लहान गादीचीच सुई. ती कुठं आहे हे मला तोवर कळलं होतं. हात उगीच शोधत होते.

आमच्याकडं कामाची एक रीत होती. ती माझ्या घरवालीनं लावली, मी नाही. लग्न झालं तेव्हा मी बैलासारखा राबायचो. सकाळी बसलो की दिवस बुडेपर्यंत मान वर नाही, आणि मग दोन दिवस पाठ धरून पडून राहायचो. तिनं वर्षभर पाहिलं. मग एका सकाळी सात सुयांत धागा ओवून, लाल पट्टीला टोचून, माझ्यासमोर ठेवल्या. धागा साऱ्यांत सारखा, तिच्या दोन हातांएवढा. म्हणाली, या सात संपेपर्यंत तुमच्याशी कोणी बोलणार नाही. गिऱ्हाईक आलं तर मी पाहीन, पोरगी रडली तर मी पाहीन. सातवी संपली की उठायचं, मग राजा आला तरी बसायचं नाही.

मी म्हटलं, सातच काहून? आठ काहून नाही?

"आठवीले तुमचे टाके वाकडे जातात. वर्षभर पाह्यलं मी."

घरात आम्ही आमची बोली बोलायचो, हिंदी म्हणा की काय म्हणा. पण ती बाजारात वाढलेली, मला टोमणा मारायचा असला की मराठीत मारायची.

दिवसात तीन बैठका. दोन जेवणाआधी, एक दुपारची नमाज झाल्यावर. मध्ये उठायचं, पाणी प्यायचं, गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. चाळीस वर्षं हेच. त्यानंतर माझी पाठ कधी धरली नाही आणि गिऱ्हाइकाला मी कधी उद्या ये म्हटलं नाही.

आणि त्या सात सुयांत जे व्हायचं ते सांगायला मला नीट शब्द नाहीत. पहिली सुई म्हणजे नुसती कुरकुर. गुडघा दुखतो, माशी बसते, काल कोण काय बोललं ते आठवतं. दुसरीत हात गरम होतो. तिसरीच्या मध्यावर कुठंतरी मी नसतोच. टाका पडतो, धागा ओढला जातो, गाठ बसते, आणि हे कोण करून राह्यलं ते विचारायला तिथं कोणी नसतं. ती त्याला गुम होणं म्हणायची. शेजारणीला सांगायची, "अब्बी गुम हैं, बाद में आना." सातवी संपली की मी वर यायचो, तेव्हा ती समोर हात पुढं करून उभी. "लाओ, सात." मी पट्टी द्यायचो. ती सुया मोजायची आणि मग पाणी द्यायची. मोजल्याशिवाय पाणी नाही.

पुसदला दिलेली माझी लेक मागं फोनवर सांगत होती, अब्बा, मोबाइलवर एक माणूस शिकवते, कामात मन कसं लावायचं. म्हणते, वेळ ठरवून बसा, फोन दूर ठेवा, थकायच्या आधी उठा. मी म्हटलं, हे तुह्या मायले कोणी शिकवलं होतं वं? ती हसली, मग रडली. तेव्हा तिची माय जाऊन दोन महिने झाले होते.

छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात अकरा दिवस. माती दिली, चाळीस दिवसांनी चाळीसवा झाला, लेक सासरी गेली, आणि मी पहिल्यांदा कामाला बसलो. सुया मीच ओवल्या, चष्मा लावून. मला वाटलं होतं हात चालणार नाही. हात चालला. तिसऱ्या सुईला मी गुम झालो, पहिल्यासारखाच.

सातवी संपली आणि मी पट्टी पुढं केली.

कोणी घेतली नाही. हात तसाच हवेत. मला आधी तिचा रागच आला, कुठं गेली म्हणून. मग आठवलं. आठवलं म्हणजे काय, दवाखान्यातल्या बाईनं येऊन सांगितलं होतं तसंच, तेवढंच, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. दुसऱ्या बैठकीलाही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. खाली गेलो की ती जिवंत, वर आलो की मेली. दिवसात तीन वेळा.

चौथ्या दिवशी मी बसायला भ्यालो. म्हाताऱ्या माणसानं असं लिहू नये, पण सुई हातात घ्यायचो आणि पुन्हा पट्टीला टोचून ठेवायचो. मरणाला मी भीत नाही, कब्रस्तानात माझी जागा तिच्या बाजूला आहे. वर यायला भीत होतो.

मग मी एक अक्कल लावली. गुमच व्हायचं नाही. रेडिओ मोठ्यानं लावला. मोबाइल मांडीवर ठेवला. गादी घेऊन दारात बसलो, जाणारा येणारा दिसला की हाक मारायची. "काय हो मास्तर, कुठं निघाले?" मास्तर बिचारे दूध आणायला निघालेले असायचे. बैठका मोडल्या. मन आलं तेव्हा बसायचं, मन आलं तेव्हा उठायचं, दिवसभर नुसतं टोचत राहायचं. काम निम्मं होईना आणि संध्याकाळी थकवा दुप्पट. टाके असे पडू लागले की एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "चाचा, हे आंधळ्यानं शिवली काय?" मी म्हटलं, हो, चष्मा बदलायचा आहे. चष्मा चांगला होता.

आठ महिने असे काढले. मग ही गादी आली.

बोरी अरबची एक म्हातारी आली होती. तिच्या धाकट्या लेकीला मुलगा झाला होता, बाळंतीण माहेरीच होती. पाळण्यात घालायचा कार्यक्रम दोन दिवसांवर. बाळंतविड्यात गादी द्यायची म्हणून खोळ तिनं स्वतः आणली, तिच्या जुन्या मऊ लुगड्याची. म्हणाली, "भाऊ, रुई अशी पिंजून द्या का लेकराले टोचली नाही पाह्यजे." टोचली, हाच शब्द तिचा. जावई सकाळी मोटारसायकलवर येऊन गादी घेऊन गेला.

गादी कधी कशी शिवली ते मी फरशीवर बसून आठवत होतो. खोळीचं तोंड शिवताना रेडिओवर बाजारभाव लागले होते, खरखर येत होती. मी नुकतीच घेतलेली नवी सुई, टाका घालायच्या आधीच, खोळीच्या काठात टोचली, आतल्या अंगानं, एक क्षण, आणि वळून बटन फिरवलं. परत वळलो आणि पट्टीतली दुसरी सुई उचलली. तोंड शिवून टाकलं. बापानं मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती, सुई गादीत टोचून ठेवायची नाही. हातात, नाहीतर पट्टीत. पन्नास वर्षांत मी ती चूक केली नव्हती, आणि केली ती जागं राहण्याच्या, गुम न होण्याच्या नादात.

म्हातारीचा फोन नंबर माझ्याकडं नव्हता. नंबर घरवालीच्या डोक्यात असायचे. चुंबक, कात्री आणि एक ओवलेली सुई खिशात टाकली आणि दुकान उघडंच टाकून निघालो, कुलूप बोरीच्या वाटेत आठवलं. बस नव्हती, काळी-पिवळी जीपमध्ये बसलो. गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर निघेना.

मी म्हटलं, "चाल ना बाप्पा, जिवाचं काम आहे."

"सगळ्याइले जिवाचंच काम असते, चाचा. अजून दोन सीट येऊ द्या."

गाडी निघाली आणि माझं डोकं चालू झालं. पिंजलेल्या रुईत सुई एका जागी राहत नाही. झटकलं की सरकते, दाबलं की सरकते. मोटारसायकलवर सकाळी तिला किती हिसके बसले असतील. टोक वर असेल का खाली. नऊ-दहा दिवसांच्या पोराची पाठ केवढी, माझ्या तळहाताएवढी. ते रडेल तर बाया म्हणतील भूक लागली, पोट दुखते, दृष्ट लागली. गादी कोण पाहणार. मी डोळे मिटले तर तेच दिसायचं, उघडले तर पुढच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू दिसायचं. दुआ पूर्ण येईना, अर्ध्यात तुटायची.

बोरीत उतरून चहाच्या टपरीवर विचारलं, नातू झालेलं घर कोणतं?

"चाचा, इथं दर हप्त्यात नातू होते. कोणता पाह्यजे?"

लोक हसले. मी हसलो नाही. जावयाची लाल मोटारसायकल सांगितली, तशी त्यानं गल्ली दाखवली.

गल्लीत शिरलो आणि पोराचं रडणं ऐकू आलं. कोवळं, चिरकं, थांबून थांबून. मी पळालो. या वयात, चप्पल हातात घेऊन पळालो.

म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. "आता हो भाऊ? एवढ्या उन्हात?"

वाटेत मी दोन-तीन खोट्या गोष्टी तयार केल्या होत्या. एक टाका राहिला, माप चुकलं, असं काही. तोंडातून निघालं ते भलतंच. "बाई, पोराले गादीवरून उचला. आत सुई राहिली माही."

तिच्या हातातलं सूप पडलं, तांदूळ ओसरीभर झाले आणि ती आत धावली. "उचल वं! उचल त्याले आधी! काहून म्हणून इचारू नको!"

लेकीनं पोराला गादीवरून उचललं. अंगावरचं सारं काढलं. आजीनं त्याची पाठ, मान, मांड्या, सारं बोटानं चाचपून पाहिलं, दिवा धरून पाहतात तसं. मी दाराच्या आत पाय टाकला नव्हता. भिंत धरून उभा होतो. पोरगं आणखी जोरानं रडून राहिलं होतं.

"काही नाही," आजी म्हणाली. "भुकेनं रडून राह्यला थो." मग माझ्याकडं वळली. "आणि तुम्ही! तुम्हाले दिसत नाही तं दुकान बंद करा ना भाऊ! लेकराची गादी होय का काट्याची बाज होय?"

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं.

"जाळून टाका थे गादी. आताच्या आता."

"जाळता येत नाही, बाई. सुई गादीतच आहे हे कशावरून? गादीतून निघून पाळण्यात पडली असल, बाळाच्या दुपट्यात अडकली असल. गादीत सापडली तं सुटलो. नाही सापडली तं सारं घर पाहा लागन. हात लावू द्या मले."

त्यांनी ओसरीवर पांढरी चादर अंथरली. मी गादीवर चुंबक फिरवलं. कुठं ओढ लागल्यासारखी वाटायची, नाही वाटायची. टाके कापले, तोंड उसवलं, रुई चादरीवर घेतली. काठ आधी पाहिला, मी टोचली होती तिथं. नव्हती.

आत टीव्हीवर मालिका चालली होती. आजी डोक्यावर उभी राहून बोलत होती, शेजारणी आल्या होत्या, जावई म्हणत होता दवाखान्यात नेऊन गादीचा एक्स-रे फोटो काढू. एकीनं त्यावर विचारलं, "गादीले नंबर लागन काय?" मी मुठीनं रुई उचलायचो आणि लगेच विसरायचो, ही पाहिलेली की न पाहिलेली. अर्धी रुई मी दोनदा पाहिली असेल आणि अर्धी एकदाही नाही. आठ महिने मी असाच काम करत होतो, हे मला तिथं कळलं. असं पाहून सुई सापडणार नव्हती.

आणि दुसरं कसं पाहायचं तेही मला माहीत होतं. तेच नको होतं.

मी म्हटलं, "टीव्ही बंद करा. साऱ्या जणी आत जा. बाई, तुम्हीबी."

"वा रे वा! माह्याच घरात मलेच..."

"मले बोलू नका. मी उठीन तवाच बोला."

ती काय समजली कोण जाणे, पण टीव्ही बंद झाला.

मी सारी रुई एका बाजूला ढकलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चिमटीत मावेल एवढीच रुई घ्यायची. दोन्ही हातांच्या बोटांत ताणायची, जाळी होईतो. उजेडाकडं धरायची. चादरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. पुन्हा चिमूट. आधी नुसतं काळीज धडधडत होतं. पोरगं चूप झालं, मग ते दूध पिऊन राहिलं असेल असं मनात आलं, मग काळीज धडधडणंही ऐकू येईना. रुईचा एकेक तंतू दिसू लागला. सरकीचं बारीक टरफल बोटाला कळू लागलं. पुढं मला सांगता येणार नाही, कारण मी नव्हतो.

किती वेळ गेला ते नंतर उन्हावरून कळलं. ऊन ओसरीच्या एका खांबावरून दुसऱ्यावर गेलं होतं. एका चिमटीत बोटाला थंड लागलं. काठाला नाही, पार मधल्या रुईत. जिथं पोराची पाठ येते तिथं. सुई आडवी होती, नाकात धागा तसाच.

मी ती उचलली, मान वर केली आणि मोठ्यानं म्हणालो, "मिल गई! ले, देख, मिल गई!"

समोर कोणी नव्हतं. ओसरी, तांदूळ, एक कोंबडी तांदूळ वेचत होती. आणि मग ते आलंच. ती गेली. पुन्हा, पहिल्यांदा. परक्याच्या ओसरीवर, हातात सुई धरून, मला एवढी भीती वाटली की दुसऱ्या हातानं मी चादर घट्ट धरली.

दारात म्हातारी उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"घरवालीले सांगितलं काय?"

मी हो म्हटलं.

"किती दिवस झाले?"

"दहावा महिना चालू आहे."

"मले सहा वर्षं झाले," ती म्हणाली. "मी अजून भाकरी थापताना हाक मारतो. लेकी म्हणतात बुढी चळली." मग सुईकडं हात केला. "दाखवा इकडं. एवढीशी होय काय! जीव काढला माहा." सुई तिनं आपल्या पदराला टोचून टाकली, ती मला परत दिली नाही. "आता ते गादी शिवून द्या. इथंच. माह्यासमोर. परवा पोरगं त्यावरच निजन, मी सांगून ठेवतो."

मी म्हटलं, बाई, पुन्हा माझ्याच हातची?

"तुम्ही सांगाले आले न? न येते तं? थंडं पाणी पेऊन घ्या अन् बसा."

मला बसायचं नव्हतं. सुईची भीती आता उरली नव्हती, आत टाकायला दुसरी सुई नव्हतीच, खिशात एकच आणली होती. भीती तीच जुनी. शिवायला बसलो तर गुम होईन, आणि गुम झालो तर वर यावं लागेल. पण रेडिओ लावून त्या पोराची गादी मी दुसऱ्यांदा शिवू शकत नव्हतो. म्हणून बसलो. हात गरम व्हायला या वेळी फार वेळ लागला, पण झाला.

शेवटची गाठ मारली तेव्हा मला अर्धवट कळत होतं की काम संपलं, आता मान वर होईल. तेव्हाच मी ती दाबून धरली. खालीच पाहत राहिलो, आपल्या पायांकडं. भेगा पडलेल्या टाचा, त्यांना चिकटलेली रुई. आणि ओठातल्या ओठात म्हणालो, ती नाही. वर कोणी नाही. मग मान उचलली. धक्का बसला, पण उंबऱ्याची ठेच लागणार हे माहीत असताना बसतो तसा. पहिल्यासारखा अंगावर पडला नाही.

सातवी सुई नवी आणली आणि तेव्हापासून बैठका पुन्हा सुरू केल्या. दोनच, तीन आता होत नाहीत. टाके सरळ येतात, पाठ बरी आहे. लेकीला वाटते अब्बा सावरले. तिला मी सांगत नाही की बैठक संपत आली की अजून मला भीती वाटते, रोज, दोन्ही वेळा. सातवी सुई मी जरा हळूच ओढतो. मग पायांकडं पाहतो आणि ते शब्द म्हणतो. कधी कधी म्हणायला फार वेळ लागतो, गिऱ्हाईक दारात ताटकळते. ताटकळू देतो. शब्द म्हटल्याशिवाय मान वर करत नाही.